मला आवडलेलं पुस्तक : पोकेमॉन ॲडव्हेंचर्स

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या ‘मला आवडलेलं पुस्तक’ या कार्यक्रमातलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



माझ्याआधी तीन वक्ते बोलले. ‘मृत्युंजय’ झालं, ‘ययाति’ झालं, ‘श्यामची आई’ झालं. आता बँकेतून निवृत्त झालेला पंचाहत्तरीचा माणूस उभा राहिला, म्हणजे हा एक तर ‘दासबोध’ काढणार नाहीतर मुदत ठेवींच्या व्याजदरावर घसरणार, असा आपला अंदाज असेल. मी आणलंय ते हे. मागच्या खुर्च्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो : ‘पोकेमॉन ॲडव्हेंचर्स’, भाग पहिला.

सतरंजीवरून आत्ता जो आवाज आला, त्यावरून निम्म्या श्रोत्यांना प्रस्तावनेची गरज नाही हे कळलं. उरलेल्या निम्म्यांसाठी सांगतो.

हे पुस्तक घरात आलं नातवामुळे. मुलाने बेंगळुरूला नोकरी धरली तेव्हा नातू नऊ वर्षांचा होता. सामान बांधताना पुस्तकांचा एक खोका बसेना. ‘आजोबा, हे नीट ठेवा हं,’ असं सांगून तो माझ्या खोलीत ठेवून गेला. मग दर रविवारी फोन. ‘कुठपर्यंत वाचलंत?’ नुसतं विचारून थांबायचा नाही, प्रश्न घालायचा. आमच्या वेळी बँकेत बढतीच्या मुलाखतीला एवढे प्रश्न नसत. सुरुवातीला फोनसाठी वाचलं. पहिला भाग अर्धा झाला आणि फोन बाजूला राहिला, पुढे काय होतं याचीच मला घाई झाली.

आता हे काय आहे ते. ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. आपण लहानपणी ‘चांदोबा’ची वाट बघायचो, तशी तिथली मुलं यांची बघतात. इंग्रजी भाषांतर झालं तरी पानांचा क्रम जपानीच ठेवलाय. म्हणजे आपण ज्याला मलपृष्ठ म्हणतो तिथून सुरुवात, आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. मला सवय व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून उघडलं, तेव्हा आमच्या सौ.ने चष्म्यावरून पाहिलं.

या कथेच्या आधी खेळ आला. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पॉकेट मॉन्स्टर्स’चे दोन खेळ निघाले, रेड आणि ग्रीन. पॉकेट मॉन्स्टर्सचं लघुरूप पोकेमॉन. ते कल्पिलं सातोशी ताजिरी यांनी. हे गृहस्थ टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडायचा नाद होता. तळी, शेतं, झाडी पालथी घालायची आणि नवीन किडा सापडला की मित्राला दाखवायचा. पुढे शहर वाढलं, तळी बुजली, इमारती उभ्या राहिल्या. किडे शोधण्यातला तो आनंद नंतरच्या मुलांना मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. दोन गेम बॉय वायरने जोडून एकमेकांचे प्राणी अदलाबदल करता येतात. त्या वायरवरून किडा सरपटत पलीकडे चाललाय, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं म्हणे.

हे वाचलं आणि मला आपली मागची भिंत आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा भिंतीपलीकडे ओढा होता, रान होतं. पावसाळ्यात जिन्यात बेडूक यायचे, दिव्याखाली सोनकिडे पडायचे. आज तिथे पार्किंग आहे. ते पार्किंग मीही वापरतो, त्यामुळे तक्रार करत नाही. पण पोरांनी मोबाईलमध्ये प्राणी शोधले तर त्यांना नावं ठेवायच्या आधी, बाहेर शोधायला आपण काय शिल्लक ठेवलंय ते एकदा पाहावं, इतकंच.

खेळ लोकप्रिय झाला आणि १९९७ मध्ये शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या मासिकांत ही चित्रकथा सुरू झाली. ही मासिकं इयत्तेनुसार निघत : चौथीचं वेगळं, पाचवीचं वेगळं, सहावीचं वेगळं. कथा लिहिली हिदेनोरी कुसाका यांनी, चित्रं काढली ‘मातो’ या चित्रकाराने. दहाव्या भागापासून चित्रं सातोशी यामामोतो यांची आहेत. म्हणजे वाचक नक्की कोण, हे लेखकाला पक्कं ठाऊक होतं. दहा-बारा वर्षांचं मूल, ज्याने हा खेळ खेळलाय आणि ज्याला यातलं सगळं तोंडपाठ आहे. अशा वाचकाला नवीन काय सांगणार? माझ्या आवडीचं मूळ या प्रश्नात आहे.

खेळातला नायक बोलत नाही. बोलणार कसा, तो म्हणजे बटणं दाबणारं मूलच. तो गावोगाव फिरतो, प्राणी पकडतो, लढवतो. जवळ जास्तीत जास्त सहा प्राणी ठेवायचे. बाकीचे ‘बिल’ नावाच्या संशोधकाच्या संगणकात जमा करायचे. तिथे पडद्यावर पर्याय काय येतात माहीत आहे? डिपॉझिट आणि विड्रॉ! छत्तीस वर्षं मी हेच केलं हो. आणि सगळे प्राणी हरले तर काय होतं? खिशातले निम्मे पैसे जातात, जवळच्या दवाखान्यात प्राणी ठणठणीत होतात, आणि पुन्हा सुरुवात. खेळात हार इतकी स्वस्त असते. असायलाच हवी, नाहीतर खेळेल कोण?

कुसाकांनी या गप्प नायकाला तोंड दिलं, तापट स्वभाव दिला, आणि हार महाग केली. पहिल्याच प्रकरणात रेड नावाचा पोरगा गावातल्या मुलांपुढे फुशारकी मारताना भेटतो. मग जंगलात त्याला दुसरा मुलगा दिसतो, ब्लू. ब्लूचा चारमँडर एका अद्भुत प्राण्याशी लढतोय. थोड्या वेळात ब्लू आपला प्राणी मागे घेतो, कारण समोरचा आपल्या ताकदीबाहेरचा आहे हे त्याने ओळखलंय. रेडला वाटतं, हा घाबरला. तो आपला पोलीव्हर्ल पुढे करतो आणि सपाटून मार खातो. कर्ज द्यायला बसलेल्या माणसाला हे प्रकरण फार जवळचं वाटतं. आपली ऐपत आणि समोरच्याचं वजन न बघता केलेली उडी कुठे नेते, हे मी कितीतरी फायलींमध्ये वाचलंय. इथे ते पंधरा-वीस पानांत, चित्रांतून, मुलाला कळेल असं सांगितलंय. आणि शेवटी तात्पर्य छापलेलं नाही.

नावांबद्दल एक खुलासा करतो, नाहीतर मुलं मला पकडतील. जपानी कथेत मुलाचं नाव ग्रीन आणि मुलीचं ब्लू आहे. परदेशात खेळ निघाले ते रेड आणि ब्लू या नावांनी, म्हणून इंग्रजीत ती नावं उलटी झाली. मी इंग्रजी वाचलंय, त्यामुळे माझी ग्रीन ही मुलगी आहे. आणि ही मुलगी काय सांगू! रेडला खोटा माल विकून गंडवते. प्रोफेसर ओक यांच्या प्रयोगशाळेतला स्क्वर्टल तिने लांबवलेला. पण तिच्या लबाडीमागचं दुःख पुढच्या भागांत उलगडतं, तेव्हा तिच्याबद्दल आधी केलेलं मत बदलावं लागतं.

खेळात ‘जिम’ असतात. जिम म्हणजे व्यायामशाळा नव्हे, आखाडा म्हणा. प्रत्येक आखाड्याला एक वस्ताद. त्याला हरवलं की बिल्ला मिळतो. असे आठ. खेळात हे वस्ताद बिल्ला देऊन बाजूला होतात. चित्रकथेत त्यांतले तीन जण, सर्ज, कोगा आणि सब्रिना, चोरांच्या ‘टीम रॉकेट’ संघटनेचेच अधिकारी निघतात. ज्याने खेळ दहा वेळा संपवलाय त्या मुलालाही इथे धक्का बसतो. मग सॅफ्रन शहरातल्या लढाईत एकमेकांशी न पटणारे रेड, ब्लू आणि ग्रीन एकत्र येतात. ती पानं मी रात्री साडेअकराला वाचत होतो. औषधाची वेळ टळली होती.

वयस्कर मंडळींसाठी दोन पात्रं खास. एक ब्लेन. हा शास्त्रज्ञ पूर्वी टीम रॉकेटसाठी काम करायचा. त्याने घडवलेल्या ‘म्यूटू’ या प्राण्याच्या पेशी त्याच्याच हातात शिरल्यात. संघटना सोडली तरी केलेलं काम हातातून सुटत नाही. दुसरे प्रोफेसर ओक, ब्लूचे आजोबा. हे आजोबा वेष पालटून ‘डॉ. ओ’ नावाने स्पर्धेत उतरतात आणि नातवाच्या वयाच्या ग्रीनशी लढतात. तेव्हा कॅरम स्पर्धेत ज्येष्ठांचा गट वेगळा काढू नये, अशी माझी समितीला सूचना आहे.

पण मला सगळ्यांत भिडली ती चौथ्या ते सातव्या भागांतली गोष्ट. जिंकलेला रेड नाहीसा झालाय आणि त्याचा पिकाचू जखमी होऊन एकटा परत आलाय. हा पिकाचू मुळात दुकानांतून फळं पळवणारा चोर. रेडने पकडला तेव्हा त्यालाच विजेचे झटके देणारा. आता तोच मालकाच्या शोधात निघतो. सोबत मोठी गवती टोपी घातलेलं, चित्रं काढणारं, वेळी-अवेळी झोपणारं एक पोर असतं, यलो. या पोराला लढाई आवडत नाही, कोणाला लागलेलं बघवत नाही. त्या हातात जखमा भरून काढायची शक्ती आहे. यलोचं एक गुपित आहे, ते मी फोडणार नाही. सतरंजीवर कोणी फोडू नका.

यलोसमोर उभा आहे लान्स. त्याचं म्हणणं काय? माणसांनी जमीन आणि पाणी नासवलं, पोकेमॉनना जागा उरली नाही, तेव्हा माणसंच संपवू. आता या तक्रारीत खोटं काय आहे? आपला ओढा मी मघाशी सांगितलाच. गंमत म्हणजे लान्स आणि यलो एकाच जंगलाच्या मातीतले, शक्तीही तीच. दुःख एकच, पण एकाने त्यातून सूड काढला आणि दुसऱ्याने मलमपट्टी. दहा वर्षांच्या वाचकापुढे लेखक हे मांडतो, आणि ‘याला अजून कळायचं नाही’ असं म्हणून पातळ करत नाही. मुलांना इतकं गंभीरपणे घेणारा लेखक मला वंदनीय वाटतो. खुद्द ताजिरींनीही म्हटलंय की त्यांच्या मनातल्या जगाशी सर्वांत जवळची चित्रकथा हीच.

पालकांना एक सूचना. कार्टूनपेक्षा हे थोडं कडक आहे. एका ठिकाणी नागासारख्या आर्बोकचे दोन तुकडे होतात. अगदी लहान मुलांबरोबर आधी तुम्ही बसा. बसलात तर उठणार नाही, हे माझं भाकीत.

आता मुद्द्याचं. माझा नातू चौदाचा झाला. रविवारी फोन येतो, पण गिटारचा विषय असतो. पोकेमॉनचं तो विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. मुलं पुढे जातात, पुस्तकं मागे राहतात. तो खोका मात्र माझ्या खोलीत बंद राहू नये असं मला वाटतं. इयत्ता चौथी, पाचवी, सहावी इथे दरवर्षी नव्याने भरती होते.

म्हणून ही पुस्तकं मी आपल्या वाचनालयाच्या कपाटाला देतोय. इथे थोडं स्पष्ट बोलतो. वाचनालयाची खोली पार्सलं ठेवायला द्यावी, असा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. अडचण खरी आहे. वॉचमनच्या टेबलाखाली खोकी साचतात, मलाही दिसतं. पण गेटजवळ पत्र्याची शेड घालून ते भागेल. मुलांना बसायला दुसरी जागा आपल्याकडे नाही, ओढ्याकाठची तर आपण केव्हाच संपवली. सभासद म्हणून मी विरोधात मत देणार आहे. आपणही सभेला या. कोरम होत नाही आणि विषय अर्ध्या तासाने तसाच मंजूर होतो, हे पंचवीस वर्षं आपण पाहतोय.

नातवाला विचारूनच देतोय. फोनवर म्हणाला, ‘द्या ना आजोबा, वाचतील पोरं.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पाचवा सोडून.’ कारण मी विचारलं नाही. तेव्हा सातांपैकी सहा भाग नोंदवहीत चढवून घ्यावेत. चौथा संपल्यावर ज्याला दम निघणार नाही, त्याने पाचव्यासाठी आमच्या घरी यावं. बसून वाचायचं, न्यायचं नाही. बिस्किटं मिळतील.