वर्गात फिट आली तर कांदा राहू दे, आधी घड्याळ बघा

हेडफोन लावलेत ना? आज जरा वेगळा विषय. तुमच्यातले बरेच जण अजून शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात आहेत, म्हणून म्हटलं हे तुमच्याशीच बोलावं. कारण वर्गात कुणाला फिट आली की सगळ्यात जवळ सर किंवा बाई नसतात. जवळ असता तुम्ही, शेजारच्या बाकावर.

फिट म्हणजेच आकडी. कुणी फेफरं म्हणतं, कुणी मिरगी. ती वारंवार येत असेल तर डॉक्टर त्या आजाराला अपस्मार म्हणतात. आपल्या मेंदूच्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी एकमेकींशी बोलतात. मध्येच खूप साऱ्या पेशी एकदम बोलायला लागल्या की गोंधळ उडतो. मग शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, हातपाय झटके द्यायला लागतात. बाहेरची बाधा नाही, अंगात येणं नाही. आणि हात लावला म्हणून आपल्याला होईल, असं तर मुळीच नाही.

आता समजा, आठवीचा वर्ग आहे, गणिताचा तास चाललाय आणि एक मुलगी बाकावरून खाली कोसळली. पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीये. सगळा वर्ग भोवती गोळा. कुणी हात धरतं, कुणी पाय. कुणी ओरडतं, 'चप्पल हुंगवा!' कुणी खिचडीच्या शेडकडे कांदा आणायला पळतं. कुणी हातात किल्ल्या कोंबतं, तर कुणी दातांत चमचा.

या कांद्याची गंमत सांगते. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. फिट थांबते आणि श्रेय कांद्याला! पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. चपलेचंही तेच, किल्ल्यांचंही तेच.

चमचा मात्र गमतीचा विषय नाही. 'जीभ गिळेल' ही भीती खोटी आहे, जीभ गिळता येत नाही. कधी चावली जाते, थोडं रक्त येतं, पण ती जखम भरते. चमच्याने दात तुटून घशात गेला तर श्वास अडकू शकतो. हातपाय दाबून धरले म्हणूनही झटके थांबत नाहीत. उलट खांदा निखळायचा.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, घड्याळ बघा. भिंतीवरचं, बाईंच्या हातातलं, कुठलंही. किती वाजता सुरू झालं ते एकाने मोठ्याने सांगायचं आणि लक्षात ठेवायचं. दुसऱ्याने बाक आणि दप्तरं बाजूला सरकवायची. डोक्याखाली घडी केलेला स्वेटर किंवा ओढणी, काहीतरी मऊ द्यायचं. चष्मा काढायचा, टाय आणि कॉलर सैल करायची. बाकीच्यांनी वर्गाबाहेर. झटके थांबले की तिला अलगद कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर गळते, घशात जात नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. बस, एवढंच.

पाच मिनिटं झाली तरी झटके थांबत नसतील तर लगेच १०८ लावायला सांगा. शुद्ध यायच्या आत दुसरी फिट आली, श्वास नीट येत नसेल, डोक्याला मार लागला असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तरीही १०८. शाळेचं नाव, जवळची खूण आणि किती मिनिटं झाली, हे आधी सांगा. काही मुलांना डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलेला असतो. तो कुठे ठेवलाय आणि कधी द्यायचा, हे आईबाबांनी वर्गशिक्षकांना आधीच लिहून द्यायला हवं.

आणि फोन. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते इथे बोलता येणार नाही. हो, डॉक्टरांना व्हिडिओचा खरंच उपयोग होतो. पण तो घरच्यांनी सांगितलं असेल तरच, आणि फक्त त्यांच्यासाठी.

आणखी एक प्रकार आहे, त्यात कुणी पडत नाही. शिकवताना मुलगा दहा-वीस सेकंद एकटक बघत राहतो, हाक मारली तरी ओ देत नाही, मग काही झालंच नाही असा लिहायला लागतो. 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून त्याला बोलणी बसतात. कधी ती खरंच तंद्री असते, पण कधी तीही फिटच असते. दिवसातून बऱ्याचदा दिसलं तर बाईंना सांगा.

फिट येऊन गेल्यावर मूल दमलेलं, गोंधळलेलं असतं. कधी कपड्यात लघवी झालेली असते. अंगावर ओढणी टाका, ओळखीच्या आवाजात सांगा, 'तू वर्गात आहेस, मी आहे इथे.' शुद्धीवर आल्यावर भोवती साठ डोळे दिसले, की दुसऱ्या दिवशी शाळेत यायची हिंमत होत नाही. कित्येकांची शाळा फिटमुळे सुटत नाही, अशा नजरांमुळे सुटते. मुलगी असेल तर घरचेच गप्प बसतात, 'पुढे लग्न जमायचं नाही' म्हणून. कायद्याने विवाह रद्द करायच्या कारणांतून अपस्मार १९९९ सालीच काढून टाकलाय, पण घराघरात ते पोचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. क्रिकेटमध्ये सूर मारून झेल घेणारा जाँटी ऱ्होड्स आठवतो? त्यालाही अपस्मार आहे.

ती मुलगी दोन दिवसांनी वर्गात येईल. तेव्हा तिची जागा बदललेली नसावी, शेजारची मैत्रीण तीच असावी, आणि बुडलेल्या गणिताची वही तिच्यासमोर उघडी असावी.