कुत्र्यांच्या पोटातील जंत आणि आपल्या मुलांचे आरोग्य

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत धम्मावर पुष्कळ विचारमंथन झाले. आज आम्ही पायाखालच्या मातीविषयी बोलणार आहोत. विहाराच्या आवारात, वस्तीच्या मोकळ्या जागेत आपली मुले खेळतात आणि तेथेच कुत्रीही घाण करतात. कुत्रा म्हटला की आपल्याला रेबीज आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. परंतु कुत्रा न चावताही त्याच्यापासून आजार होऊ शकतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

कुत्र्याच्या आतड्यातील तीन जंतांची ओळख आपण करून घेऊ. पहिला गोलकृमी, शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस. दिसायला शेवईसारखा. तो आईकडून पिल्लाला गर्भातच मिळतो, पुढे दुधातूनही मिळतो. म्हणूनच मुले ज्या पिल्लांना उराशी धरतात, त्या पिल्लांच्या पोटातच तो बहुधा जास्त असतो. विष्ठेतून त्याची असंख्य अंडी बाहेर पडतात. ती लगेच बाधत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते. तोपर्यंत विष्ठा वाळून, पावसात वाहून दिसेनाशी झालेली असते. अंडी मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. स्वच्छ दिसणारी जागा स्वच्छ असेलच असे नाही, ते यामुळे.

मातीचा हात तोंडात गेला की अंडी मुलाच्या पोटात जातात. तेथे अळी बाहेर पडते, पण माणसाच्या आतड्यात तिचा जंत होत नाही. ती यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही भटकते. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी, प्रामुख्याने कर्करोगाच्या संशयावरून काढलेले मुलांचे डोळे तपासले. त्यातील काही डोळ्यांत कर्करोग नव्हताच. सूक्ष्म अळ्या होत्या. असे क्वचितच घडते, परंतु गेलेली दृष्टी परत येईलच याची खात्री नसते. हा आजार विष्ठा तपासून कळत नाही, कारण मुलाच्या विष्ठेत अंडी येतच नाहीत. शाळेत मिळणारी जंताची एक गोळी हा त्यावरचा पुरेसा उपचार नव्हे. मुलाला एका डोळ्याने कमी दिसू लागले, तर अंगारे-धुपारे न करता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा अंकुशकृमी. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. कातडीवर नागमोडी लाल रेघ उमटते, भयंकर खाज सुटते. तिसरा पट्टकृमी, एकायनोकॉकस. हा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात त्याच्या पाण्याच्या गाठी असतात. तो कच्चा भाग कुत्र्याने खाल्ला की त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

यावर काय करावे? पाळलेल्या पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे, मोठ्या कुत्र्यालाही ठराविक काळाने द्यावे. विष्ठा रोज उचलून खोल पुरावी. नुसते फिनाईल शिंपडून अंडी मरतीलच असे नाही. मटणाचे टाकाऊ भाग कच्चे कुत्र्यापुढे टाकू नयेत. मुलांच्या पायात चप्पल असावी, नखे कापलेली असावीत, भाज्या धुऊन घ्याव्यात, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. परंतु ज्या वस्तीत नळाला तासभरच पाणी येते, तेथे हात धुण्याचा उपदेश पुरेसा नाही. पुरेसे पाणी, नियमित साफसफाई आणि भटक्या कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण यांसाठी नगरपालिकेकडे संघटितपणे मागणी केली पाहिजे. तो आपला हक्क आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग कुत्रीच मारून टाका. तसे करून मातीतील अंडी नाहीशी होत नाहीत, आणि पंचशीलातील पहिले शील मात्र मोडते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, माणसांना होता. तेव्हाही बाबासाहेबांचा लढा जनावरांशी नव्हता. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेशी होता. आजही आपले वैर कुत्र्याशी नसून घाणीशी आणि अज्ञानाशी आहे.

करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर तीच करुणा मुलाच्या डोळ्यावर बेतू शकते. म्हणून पिल्लाला अवश्य घास घाला, त्याला औषधही द्या, आणि मग हात धुवा. विद्यार्थी मित्रांनी एवढे जरी आज घरी जाऊन आईला सांगितले, तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!