घरातील ओल : उपाय भिंतीवर नव्हे, जमिनीत

(कोकणातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या प्रदेशात घराची ओल ही नवी तक्रार नव्हे. भिंती कमरेपर्यंत ओलावतात, गिलावा फुगतो, खाली ठेवलेले धान्य बुरसते. घरमालक मग पदरमोड करून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो आणि काही पावसाळ्यांनी ओल हातभर वर चढलेली पाहतो.

असे का व्हावे? कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते, त्याचप्रमाणे जोत्याखालच्या ओल्या मातीतील पाणी चिऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते. भिंतीचा पृष्ठभाग बंद केला, की त्याला वाफ होऊन निघून जाण्यास वाट उरत नाही; ते आणखी वर सरकते. दोष मातीत आणि खर्च भिंतीवर, असा हा व्यवहार आहे.

म्हणून प्रथम परीक्षा करावी. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा जमिनीवर अंथरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दोन दिवसांनी पाहावे. थेंब वरच्या अंगास असतील तर ते दमट हवेचे. खालच्या अंगास असतील तर ओल जमिनीतून येत आहे. शिक्षकांनी हा प्रयोग शालेय पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात त्या खोलीत मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर का ठेवावयाची, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.

नवे घरकुल बांधताना जोते सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच घ्यावे. फरशीखाली दगडांचे सोलिंग, त्यावर वाळू, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद व काँक्रीट असा क्रम असावा. मोठ्या दगडांमधील पोकळीतून पाणी चढत नाही. जोत्यावर, भिंत उभी करण्यापूर्वी, ओलरोधक थर हवाच. जुन्या घरास हे सारे शक्य नसते. तेथे पागोळ्यांखाली पन्हळ लावावी, भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूस उतरती करावी, न्हाणीचे पाणी दूर न्यावे. आपल्या वाडवडिलांनी उंच जोती आणि रुंद पडव्या केवळ शोभेसाठी केल्या नव्हत्या.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. गावातील गल्लीत जुन्या काँक्रीटवर नवे काँक्रीट ओतले जाते. रस्ता दर वेळी वर येतो आणि दोन्ही बाजूंची घरे खाली जातात. ज्या कुटुंबास आपण घरकुलाचे अनुदान मिळवून दिले, त्याच्याच जोत्यात आपला रस्ता पाणी मुरवतो! त्याची तक्रार आली, की आपण त्यास गिलावा करण्याचा सल्ला देतो. अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी सदस्यांनी गवंड्याकडील पाण्याची नळी घेऊन प्रत्येक दारापाशी जोत्याची व रस्त्याची पातळी मोजावी, ती कागदावर नोंदवावी, आणि रस्ता वर येत असल्यास जुना थर आधी खोदून काढावयास लावावा.