खांदेरी

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यापासून सुमारे 5 किलोमीटरवर, समुद्रात खडकांचे एक बेट आहे. त्यावर दोन टेकड्या, भोवती पाण्याखाली दडलेले खडक आणि पावसाळ्यात खवळणारा दर्या. भूगोलाच्या पुस्तकात अशा बेटाला एक ओळही मिळत नाही. मात्र उत्तर कोकणच्या इतिहासात खांदेरीने पुष्कळ जागा व्यापली आहे.

कारण उघड आहे. बेटावरून मुंबईकडे येणारे जहाज दुरूनच दृष्टीस पडे. शिवाजीमहाराजांनी 1672 मध्येच येथे तटबंदीचा प्रयत्न केला होता; सिद्दी आणि इंग्रज यांच्या विरोधामुळे तो सोडावा लागला. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस त्यांनी मायनाक भंडारी यास माणसे देऊन पुन्हा पाठविले. दर्या अजून शांत झाला नव्हता, तरी काम सुरू झाले. हे बेट आपले, असे म्हणत इंग्रजांनी जहाजे धाडली.

येथे बेटाचा ओबडधोबडपणा मराठ्यांच्या कामी आला. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना खोल पाणी व वारा हवा. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यातून निसटत आणि धान्य, दगड, दारूगोळा पोहोचवीत. वेढा होता, पण नाकेबंदी होत नव्हती! 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढविला. ‘डव्ह’ हे इंग्रज गलबत मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिले आणि अखेर आरमारास नागोठण्याच्या खाडीकडे परतावे लागले. त्या दिवशी जिंकले कोण, याचा वाद करण्यात अर्थ नाही. तट चढतच राहिला, आणि हाच खरा निकाल होता.

जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तडजोड करून जहाजे मागे घेतली. सिद्दी स्वस्थ बसला नाही. त्याने किनारा व खांदेरी यांच्यामधले उंदेरी बळकावून तेथे तट उभारला. शेजारच्या दोन बेटांवर दोन वैरी, असा संसार पुढे बराच काळ चालला. 1718 मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा स्वारी केली; तीही फसली.

1867 साली बेटावर दीपगृह उभे राहिले. ज्या जहाजांना हे बेट एकेकाळी अडवीत असे, त्यांनाच ते वाट दाखवू लागले. तटाबाहेर रचलेले दगड लाटा झेलीत आजही पडून आहेत. वेताळाचे देऊळही तेथे आहे. कोळी बांधव होड्या घेऊन त्याच्या दर्शनाला येतात. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी आहे.