मधुमेह, मूत्रपिंड आणि घराण्याचा वारसा



आमचे कसबा बावडा म्हणजे उसाचे व साखर कारखान्याचे गाव. येथे कोणास मधुमेह झाला की दोष साखरेस देतात, आणि पुढे मूत्रपिंडे बिघडली की रोग्याच्या जिभेस. यांपैकी दुसऱ्या आरोपाविषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझे थोरले बंधू मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. पथ्याच्या बाबतीत ते काटेकोर होते. उलट आमच्याच आळीतील एक गृहस्थ पथ्य म्हणून कधी पाळीत नसत. तरी त्यांच्या मूत्रपिंडांस वीस वर्षांत धक्का लागला नाही. असे का व्हावे?

सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत : एक जन्मतः येणारा, दुसरा अपथ्याने होणारा. मूत्रपिंडाच्या विकारातही जन्मजात प्रकृतीचा वाटा असतो, असे आता दिसून आले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या पिमा लोकांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. मधुमेही आईबापांपैकी कोणाच्याच लघवीतून प्रथिन जात नसेल, तर त्यांच्या मधुमेही अपत्यांत शेकडा १४ जणांस तो दोष आढळला. एकाच्या जात असेल तर २३, आणि दोघांच्याही जात असेल तर ४६ जणांस. पुढे १९९९ साली मद्रासकडील, म्हणजे आताच्या चेन्नईतील, वैद्यांनीही मधुमेही भावंडांत हाच कल दाखविला.

एका घरात रक्ताप्रमाणे चूलही एकच असते, ही शंका रास्त आहे. परंतु साखर व रक्तदाब सारखे असूनही सर्वांची मूत्रपिंडे सारखी झिजत नाहीत. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांची वीण कोणाची घट्ट, कोणाची नाजूक. ही वीण एकाच जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा हात तीत असतो.

मग हे दैव म्हणून स्वस्थ बसावे काय? मुळीच नव्हे. गाळणी झिजू लागली की प्रथम लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपते. त्या वेळी ना सूज असते, ना वेदना. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, आणि फेरतपासणीतही तसेच आढळले, तर सावध व्हावे. आमच्यासारख्या प्रौढपणी मधुमेह जडलेल्यांनी रोगनिदान होताच, व नंतर दरसाल, ही तपासणी करवावी. ज्यांच्या आईबापांस वा भावंडांस हा विकार झाला, त्यांनी तर ती कदापि चुकवू नये. याच अवस्थेत साखर व रक्तदाब आवरले आणि वैद्यांनी दिलेली औषधे नेमाने घेतली, तर झीज पुष्कळ मंदावते.

मीही मधुमेही. बंधूंच्या पश्चात मी प्रथमच लघवी तपासविली, तेव्हा दोष निघाला. वेळीच निघाला म्हणून आज तो आटोक्यात आहे. वडिलार्जित जमिनीची मोजणी आपण अगत्याने करवितो. वडिलार्जित धोक्याचीही करवावी, एवढीच विनंती.