सात अक्षरांचा खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माझे माहेर जावळी तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा डोंगर उतरून होती, म्हणून तिथेच थांबले. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडे नाही. आमच्या घरी रोज रात्री जेवणे झाल्यावर एक खेळ चालतो, तेवढाच सांगते.

खेळ आला अमेरिकेतून. माझी भाची तिकडे असते. न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राचे 'स्पेलिंग बी' नावाचे कोडे २०१८ पासून संगणकावर रोज निघते, ते ती सोडवते. सात अक्षरे देतात, एक मध्ये आणि सहा भोवती, मधमाशीच्या पोळ्यासारखी. शब्द निदान चार अक्षरांचा हवा आणि मधले अक्षर त्यात आलेच पाहिजे. तेच अक्षर दोनदा घेतले तरी चालते. त्यात 'एस' हे अक्षर घेत नाहीत, कारण प्रत्येक शब्दाला 'एस' लावून अनेकवचने केली की यादी फुकटची फुगते.

मुलगी म्हणाली, "आई, आपण मराठीत करू या." केले, आणि पहिल्याच दिवशी अडलो. इंग्रजीत स्वरसुद्धा सातांतच मोजतात. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या मोजायच्या म्हटले तर खेळच होईना. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे मोकळे ठेवले. तिकडे रोज एखादा तरी शब्द सातही अक्षरांचा निघतो. आपले शब्द आखूड, तेव्हा चार निरनिराळी अक्षरे आली की आम्ही त्याला मोठा शब्द म्हणतो. त्यांचा जसा 'एस' तसा आपला 'णे' निघाला. पळणे, टाळणे, वळणे, मळणे असे लिहीत गेले तर पाटी भरते. म्हणून णे-वाली क्रियापदे बाद. 'पणा'ही दिवसातून एकदाच. त्यावरून मुलीचे आणि तिच्या वडिलांचे भांडण झाले होते, ते सांगत बसत नाही.

शब्द काढायची माझी रीत बाराखडीची आहे. समजा, मध्ये ळ आहे आणि भोवती क, ट, ण, प, म, व. (सहाच झाली म्हणाल, पण मधला ळ धरून सात.) ळ कधी शब्दाच्या आरंभी येत नाही, म्हणजे पहिले अक्षर बाकीच्या सहांतलेच. मग क घ्यायचा आणि तोंडातल्या तोंडात फिरवायचा. कळ, काळ, कूळ, केळ, आणि कोळ, आपला चिंचेचा. मग व घ्यायचा. वळ, वाळा, विळी, वेळ. पोळ्या लाटता लाटता हे होते, कागद लागत नाही.

याच सात अक्षरांनी आमच्याकडे रुसवा झाला. मी पाटीवर 'पाणकळा' लिहिला. चार अक्षरांचा मोठा शब्द. माझे वडील पावसाळ्याला पाणकळाच म्हणायचे. पाणकळ्याच्या आधी घर शाकारायचे, सरपण आत घ्यायचे. मुलगा कॉलेजात जातो. तो म्हणाला, "आई, असा शब्दच नाही. पावसाळा म्हणतात." घरात शाळेचा छोटा शब्दकोश होता, त्यात पाहिले. नाही सापडला. त्याने पुसून टाकला. कोशात असेल तोच शब्द, असे आधी मीच कबूल केले होते, तेव्हा बोलायला जागा नव्हती. पण तो हसला आणि म्हणाला, "हे तुझे खेडवळ." भगिनींनो, त्याच्या मनात काही नव्हते, मला ठाऊक आहे. तरी पुढे पंधरा दिवस मला रात्री भांडी घासायचीच असायची. खेळ ऐकू यायचा, शब्द सुचायचे, पण मी बोलायची नाही. शाळा सुटली तेव्हा वाटले नव्हते इतके वाईट तेव्हा वाटले.

मग एकदा वाचनालयात पुस्तक बदलायला गेले, तर कादंबऱ्यांच्या कपाटात एका पुस्तकाच्या पाठीवर तोच शब्द. 'पाणकळा', लेखक र. वा. दिघे. मी तिथेच स्टुलावर बसले. एका लेखकाने अख्ख्या पुस्तकाला नाव दिले तो शब्द आमच्या पाटीवर चालत नव्हता! पुस्तक घरी आणले आणि काही न बोलता त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि जेवण टाकून पाटी आणायला उठला. मीच म्हटले, आधी भात संपव.

त्या दिवसापासून नियम बदलला. शब्द सांगणाऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा आणि तो कोण, कुठे बोलते ते सांगायचे. पटले की शब्द धरायचा. याचा परिणाम असा झाला की सासूबाई खेळायला लागल्या. तोवर त्या जपमाळ घेऊन आत बसत. त्याच सात अक्षरांत त्यांनी मळवट सांगितले, वाकळ सांगितली, वळवट सांगितले. मी टाकळा आणि माळवे. यजमानांनी 'पळवाट' सांगितली, त्यावर सगळे हसले, का ते त्यांनाच विचारा. मुलगा विचारू लागला, "आजी, वाकळ म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "अरे, जिच्यात गुंडाळून तुला दवाखान्यातून आणला ती." दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ती काढून उन्हात टाकली. तिच्यात माझ्या लग्नातल्या लुगड्याचा एक तुकडा आहे, मीसुद्धा विसरले होते.

आता या शब्दांची वही केली आहे. कोशात न मिळालेले शब्द तिच्यात जातात आणि पुढे सांगणाऱ्याचे नाव. सासूबाईंचे सर्वांत जास्त आहेत.

चहाला अजून वेळ आहे म्हणतात. तोवर बाहेरच्या फळ्यावर मी सात अक्षरे लिहून ठेवली आहेत. मध्ये ड, भोवती क, ग, न, र, ल, व. माझे एकोणीस झाले. 'कोनाडा' सांगून टाकते, बाकीचे तुम्ही काढा. आणि 'रडणे' कोणी लिहू नका, त्यात ण आहे.