कंठातील ग्रंथी आणि मेंदूतील दळणवळण



कामगार संघटनेच्या माणसाने मेंदूवर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस हसू आले असेल. आम्ही वैद्य नव्हे. शाळाही पुरी केलेली नाही. पण एका चुकीने आम्हांस ही पुस्तके उघडावयास लावली. ती चूकच प्रथम सांगतो.

एका जिनिंगमध्ये काट्यावर कापसाचे वजन लिहिणारा आमचा एक सभासद होता. वर्षानुवर्षे त्याच्या वहीत खाडाखोड दिसली नव्हती. पुढे त्याचे आकडे चुकू लागले. हाकेला ओ उशिरा येई, आवाज घोगरा झाला, फाल्गुनातल्या उन्हातही तो घोंगडी पांघरून बसे. मालकाने नोटीस दिली. आम्ही काय केले? त्याला बाजूस घेऊन, 'जरा शरम धरा,' असे सुनावले आणि नोकरी वाचावी म्हणून हयगयीची कबुली त्याच्या सहीने लिहून दिली. मसुदा आमच्याच हातचा.

दोन महिन्यांनी जालन्यास एका डॉक्टरांनी रक्त तपासले. दोष कंठात निघाला!

गळ्याच्या पुढील बाजूस फुलपाखराच्या आकाराची, दीडएक तोळ्याची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की शरीराच्या साऱ्या भट्ट्या मंदावतात. मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी मग 'रस वाढव' असा निरोप धाडीत राहते. तो निरोप म्हणजे टी.एस.एच. रक्तात तो चढलेला दिसतो. मेंदू वजनाने देहाचा पन्नासावा हिस्सा, पण देहाच्या शक्तीचा पाचवा हिस्सा एकटा खातो. भट्टी मंदावल्याची झळ त्याला लागणारच.

ती झळ पाहावी कशी? रक्तात प्राणवायू असला-नसला की त्याचा चुंबकीय गुण पालटतो; चुंबकाच्या यंत्रात निजलेल्या माणसाच्या मेंदूत कोणत्या भागाकडे रक्त धावते, ते त्यावरून टिपता येते. भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९९५ साली अमेरिकेत दाखवून दिले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूचे दूरदूरचे भाग एका तालावर चढउतार करतात. जिनात कापूस टाकणारा आणि गाठ बांधणारा एकमेकांस हाक न देता एका लयीत चालतात, तसेच हे. अशा भागांच्या मेळाला जाळे म्हणतात. दिल्लीस संरक्षण खात्याच्या 'इन्मास' संस्थेतील शास्त्रज्ञांनी थायरॉईड मंदावलेल्या रुग्णांची अशी चित्रे घेतली; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही जाळ्यांतील हा मेळ निरोग्यांपेक्षा ढिला आढळला. लक्ष लावणे, हातातला आकडा डोक्यात धरून ठेवणे, ही कामे अशाच मेळावर चालतात.

मात्र या चित्रांवरून कोणी रोग ठरवू नये. मेळ ढिला म्हणजे तार तुटली असे नव्हे, आणि चित्रात विचार दिसत नाही. रोग ठरतो तो रक्ताच्या साध्या तपासणीने. औषधही साधेच: सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची गोळी, डॉक्टर सांगतील त्या मात्रेने, बहुधा जन्मभर. बायकांत हा विकार पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक. घरोघरी 'सुस्त सून' म्हणून किती जणींना बोल बसले असतील, ते आपणच आठवून पाहावे.

आमचा सभासद काही महिन्यांत पुन्हा काट्यावर नीट बसू लागला. ती कबुली मात्र त्याच्या फायलीत आहे. ती रद्द व्हावी म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडून आम्ही अर्ज केला. उत्तर आलेले नाही. दुसरा अर्ज परवा देत आहोत. त्यात, कबुली लिहिणारे आम्ही होतो, असे पहिल्याच ओळीत लिहिले आहे.